बालकांचा रक्तकर्करोग : बरे होण्याचे गणित

मुलाला रक्ताचा कर्करोग झाला आहे, हे शब्द कानी पडताच आईवडिलांच्या पायाखालची वाळू सरकते. ‘आता काही उपयोग नाही’ ही समजूत शहरांतील सुशिक्षित घरांतही आढळते. वस्तुस्थिती तशी नाही. लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत ल्युकेमिया, म्हणजेच रक्तकर्करोग, सर्वांत अधिक आढळतो आणि बऱ्या होणाऱ्या कर्करोगांतही त्याची गणना वरच्या क्रमांकावर होते. प्रगत देशांतील चांगल्या केंद्रांत या रोगाच्या प्रमुख प्रकाराने आजारी झालेल्या दहा मुलांपैकी सुमारे नऊ मुले आज बरी होतात.

भारतात मात्र हे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. मूल कोठे राहते, निदान किती लवकर होते, ते कोणत्या रुग्णालयात पोहोचते आणि अडीच वर्षांचे उपचार शेवटपर्यंत पार पडतात की नाही, यांवर निकाल अवलंबून असतो. विशेष म्हणजे या उपचारांतील बहुतेक मूळ औषधे अनेक दशकांपूर्वीची असून त्यांतील बरीचशी भारतातच तयार होतात. त्यामुळे औषधांच्या शोधाइतकेच महत्त्व ती मुलापर्यंत वेळेवर आणि पूर्ण पोहोचण्याला आहे.

रोगाचे स्वरूप

हाडांच्या पोकळीतील मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, रक्तपेशी तयार होतात. त्यांपैकी एखादी अपरिपक्व पांढरी पेशी बिघडते, अनिर्बंध वाढू लागते आणि निरोगी पेशींची जागा बळकावते. तांबड्या पेशी कमी झाल्यामुळे मूल फिकट दिसू लागते व थकते. प्लेटलेट कमी झाल्यामुळे अंगावर निळसर-लाल ठिपके उठतात, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येते. आणि कामाच्या पांढऱ्या पेशी घटल्यामुळे ताप हटत नाही. मानेतील गाठी वाढणे, पोट फुगणे, रात्री हाडे दुखणे, लंगडत चालणे हीदेखील लक्षणे होत.

मुलांमधील रक्तकर्करोगाचे दोन मुख्य प्रकार आहेत. सुमारे तीन चतुर्थांश मुलांमध्ये ‘अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया’ (ए.एल.एल.) आढळतो. दोन ते पाच वर्षांच्या वयात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. दुसरा प्रकार ‘अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया’ (ए.एम.एल.) हा असून त्याचे उपचार अधिक कठोर आणि यश तुलनेने कमी असते, प्रगत देशांतही ते ६० ते ७० टक्क्यांच्या आसपास आहे. येथील विवेचन मुख्यतः पहिल्या प्रकाराविषयी आहे.

हा रोग संसर्गजन्य नाही. आईच्या आहारातील चुकीमुळे किंवा मुलाच्या एखाद्या पडण्या-लागण्यामुळे तो होत नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत त्याचे निश्चित कारण सांगता येत नाही. त्यामुळे घरातील कोणालाही दोष देण्याचे कारण नसते.

महिन्यांपासून वर्षांपर्यंत

जर्मनीत रुडॉल्फ विर्खो आणि एडिंबरा येथे जॉन ह्यूज बेनेट यांनी १८४५ मध्ये या रोगाची स्वतंत्र वर्णने प्रसिद्ध केली. ‘ल्युकेमिया’ हे नाव विर्खो यांनी दिले. त्यानंतर शंभर वर्षे या रोगावर औषध नव्हते; निदान झालेली मुले काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावत.

पहिली फट पाडली ती १९४८ मध्ये बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी. फॉलिक आम्ल दिल्याने रोग वाढतो, असे त्यांच्या निदर्शनास आले होते. तेव्हा फॉलिक आम्लाचे कार्य रोखणारे ‘अमिनोप्टेरिन’ हे द्रव्य त्यांनी १६ मुलांना दिले. त्यांपैकी दहा मुलांमध्ये सुधारणा दिसली. ती काही महिनेच टिकली. परंतु औषधाने रक्तकर्करोग मागे हटतो, हे प्रथमच सिद्ध झाले. हे द्रव्य लेडर्ले प्रयोगशाळेत ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले, ते शास्त्रज्ञ म्हणजे आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले आणि मद्रासला वैद्यकीय शिक्षण घेतलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. अमिनोप्टेरिनचे भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आजही या उपचारांचा आधारस्तंभ आहे.

गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी विकसित केलेले ‘६-मर्काप्टोप्युरीन’ १९५३ मध्ये वापरात आले. पुढे स्टेरॉइडची आणि आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टीनची भर पडली. यांपैकी कोणतेही औषध एकट्याने दिले, तर रोग काही काळाने उलटत असे. अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइक यांनी साठच्या दशकाच्या प्रारंभी चार औषधे एकत्र देण्याचे धाडस केले. मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयाचे डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. रक्तातील पेशी नष्ट झाल्या तरी मेंदूभोवतीच्या द्रवात काही पेशी दडून राहतात आणि तेथून रोग पुन्हा डोके वर काढतो, हे ओळखून त्यांनी त्या भागावरही उपचार सुरू केले. १९६७ पासून राबविलेल्या त्यांच्या पाचव्या उपचारक्रमात सुमारे निम्मी मुले बरी झाली. १९६२ मध्ये ते रुग्णालय उघडले, तेव्हा हे प्रमाण अवघे चार टक्के होते. पुढे जर्मनीत डॉ. हान्सयॉर्ग रीम यांच्या गटाने उतार पडल्यानंतर काही महिन्यांनी जोरदार उपचारांची आणखी एक फेरी देण्याची पद्धत रूढ केली आणि यशाचा आलेख चढत गेला.

चार टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंतची ही वाटचाल एखाद्या चमत्कारी औषधामुळे झालेली नाही. तीच औषधे कोणत्या क्रमाने, किती मात्रेत आणि किती काळ द्यावीत, याचा उलगडा हजारो मुलांवरील शिस्तबद्ध चाचण्यांतून होत गेला. त्याच्या जोडीला रक्त व प्लेटलेट यांचा पुरवठा आणि प्रभावी प्रतिजैविके उपलब्ध झाली.

उतार पडणे म्हणजे बरे होणे नव्हे

उपचारांचा पहिला टप्पा सुमारे महिनाभराचा असतो. त्यानंतर ९५ टक्क्यांहून अधिक मुलांमध्ये रोगाला उतार पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली रोगट पेशी जवळजवळ दिसेनाशा होतात. मूल हसू-खेळू लागते, भूक सुधारते. नेमक्या याच वेळी अनेक कुटुंबांची फसगत होते. निदानाच्या वेळी शरीरात सुमारे एक लाख कोटी रोगट पेशी असू शकतात. त्यांपैकी ९९ टक्के नष्ट झाल्या तरी सुमारे एक हजार कोटी शिल्लक राहतात. उपचार येथेच थांबविल्यास रोग बहुधा उलटतो.

म्हणून पुढील काही महिने मज्जेतील आणि मेंदूभोवतीच्या उरलेल्या पेशींवर मारा करणारे टप्पे येतात. त्यानंतर सुरू होतो तो देखभालीचा, म्हणजे ‘मेंटेनन्स’चा काळ. यात मूल घरी राहते, शाळेतही जाऊ शकते. रोज मर्काप्टोप्युरीनची आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी, ठरावीक अंतराने रक्ततपासणी, असा हा क्रम असतो. एकूण उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. वरवर निरोगी दिसणाऱ्या मुलाला रोज न चुकता गोळी देणे हा या उपचारांतील सर्वांत साधा आणि सर्वांत कठीण भाग होय.

सर्वच मुलांना सारख्याच तीव्रतेचे उपचार लागत नाहीत. एक ते दहा वर्षे वय आणि निदानाच्या वेळी पांढऱ्या पेशींची संख्या प्रति मायक्रोलिटर ५० हजारांहून कमी असल्यास भवितव्य चांगले मानले जाते. एक वर्षाखालील तान्ह्या मुलांमध्ये रोग अधिक चिवट असतो. पेशींतील गुणसूत्रांचे बदल आणि उपचारांना मिळालेला प्रारंभिक प्रतिसाद यांनाही मोठे महत्त्व आहे. दहा हजार पेशींत एखादी रोगट पेशी उरली असली तरी ती शोधणारी ‘एम.आर.डी.’ ही तपासणी आता भारतातील मोठ्या केंद्रांत होते. तिच्यावरून उपचार सौम्य ठेवावेत की कठोर करावेत, हे ठरविता येते.

भारतातील चित्र

सत्तरच्या दशकात भारतातील मोठ्या कर्करोग केंद्रांतही या आजारातून जेमतेम वीस टक्के मुले वाचत. १९८० च्या दशकात मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि चेन्नईची अड्यार येथील कर्करोग संस्था यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील डॉ. इयान मॅग्राथ यांच्या सहकार्याने ‘एम.सी.पी. ८४१’ नावाचा समान उपचारक्रम हाती घेतला. भारतात मिळणारी औषधे आणि येथील रुग्णालयांची ताकद लक्षात घेऊन तो आखला होता. या अनुभवाचा आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. चार वर्षांनंतर रोग न उलटता राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण तिन्ही केंद्रांत मिळून सुमारे ४० ते ६० टक्के होते. म्हणजे एका शिस्तबद्ध उपचारक्रमाने यश दुपटीहून अधिक झाले होते. मात्र एकाच उपचारक्रमाने तीन शहरांत वेगवेगळे निकाल दिले, ही बाबही तितकीच बोलकी होती.

२०१६ मध्ये भारतीय बालकर्करोग तज्ज्ञांच्या गटाने अनेक केंद्रांत मिळून नवी चाचणी सुरू केली. मुलांची जोखमीनुसार विभागणी करणे आणि कमी जोखमीच्या मुलांना उपचारांतील विषारी परिणामांपासून वाचविणे, हा तिचा एक हेतू होता. कारण भारतात मुले केवळ रोगानेच दगावत नाहीत. उपचारकाळातील जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू पाश्चात्त्य देशांपेक्षा येथे अधिक आहेत. कुपोषित मुलाला औषधे सोसत नाहीत. मर्काप्टोप्युरीनचे पचन करणाऱ्या विशिष्ट जनुकातील फरकामुळे काही भारतीय मुलांमध्ये नेहमीच्या मात्रेनेही पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात, असेही आढळले आहे. अशा मुलांसाठी मात्रा कमी करावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे चार लाख मुलांना व किशोरांना कर्करोग होतो. सर्व प्रकार मिळून श्रीमंत देशांत ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुले वाचावीत, हे उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केले.

रेसिफे शहराचा धडा

ही दरी बुजविता येते का, याचे उत्तर ब्राझीलच्या ईशान्येकडील रेसिफे या तुलनेने गरीब भागातील शहराने दिले आहे. तेथील एका रुग्णालयात १९८० च्या दशकात ए.एल.एल. झालेल्या मुलांपैकी पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण ३२ टक्के होते. १९९७ ते २००२ या काळात ते ६३ टक्क्यांवर गेले. दरम्यान मुलांच्या कर्करोगासाठी स्वतंत्र कक्ष उभारला गेला, डॉक्टर व परिचारिकांना खास प्रशिक्षण मिळाले आणि जोखमीनुसार उपचार सुरू झाले. त्याच जोडीला दूरगावच्या कुटुंबांसाठी निवास, प्रवासखर्च व सामाजिक मदतीची सोय झाली. उपचार मध्येच सोडून देणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आले. अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास बालकर्करोगाच्या क्षेत्रात आजही दाखला म्हणून दिला जातो.

उपचार का सुटतात?

उपचार सोडणारे आईवडील बेफिकीर असतात, असा समज चुकीचा आहे. औषधांचा खर्च हे एकमेव कारण नसते. विदर्भातून वा बिहारमधून मुंबईत आलेल्या कुटुंबाला सहा-आठ महिने शहरात राहावे लागते. वडिलांची रोजंदारी बुडते, शेती पडून राहते, घरी राहिलेल्या भावंडांकडे पाहायला कोणी नसते. दागिने मोडले जातात, कर्ज होते. त्यातच मूल बरे दिसू लागले की परतीची ओढ लागते. मुलीच्या बाबतीत उपचारांची निकड कमी मानली जाते, ही कटू वस्तुस्थितीही आहे. भारतीय रुग्णालयांच्या नोंदींत मुलग्यांच्या तुलनेत मुलींची संख्या अपेक्षेपेक्षा कमी आढळते.

यावर उपायही याच मातीत उभे राहिले आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षांपासून परळच्या रुग्णालयांत येणाऱ्या रुग्णांचा व नातेवाइकांचा आसरा आहे. उपचार घेणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य घर देणारी ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ ही संस्था २००६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे इतर शहरांत पसरली. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या बालविभागाने निधी, आहार, निवास, रक्तपुरवठा आणि पाठपुरावा यांची एकत्र व्यवस्था उभारल्यानंतर तेथे उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय घटले. तपासणीच्या तारखेला मूल आले नाही, तर घरी दूरध्वनी जातो. हा एक फोन कित्येकदा महागड्या औषधाइतके काम करतो.

शासकीय पातळीवर महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जन आरोग्य योजना, तसेच २०१८ ची केंद्राची ‘आयुष्मान भारत’ योजना यांत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. रेल्वे प्रवासात कर्करुग्ण व सोबत्याला सवलत मिळते. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ने देशातील केंद्रांना एकत्र जोडून समान उपचार-मार्गदर्शन आणि औषधांची सामूहिक खरेदी असे उपक्रम हाती घेतले आहेत. मुलाला प्रत्येक वेळी महानगरात न आणता देखभालीचा टप्पा घराजवळच्या केंद्रात पार पाडता यावा, ही यापुढची गरज आहे.

निदानातील विलंब

दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारा ताप, वाढता फिकटपणा, अंगावर अकारण उठणारे डाग आणि हाडांचे दुखणे यांपैकी लक्षणे एकत्र दिसल्यास रक्ताची संपूर्ण तपासणी आणि काचपट्टीवरील पेशींची पाहणी तातडीने करून घ्यावी. ही तपासणी स्वस्त असून तालुक्याच्या गावीही होते. निश्चित निदानासाठी मात्र अस्थिमज्जेची तपासणी आवश्यक असते.

येथे एक धोका ध्यानात ठेवण्याजोगा आहे. हाडे व सांधे दुखणाऱ्या मुलाला संधिवात समजून स्टेरॉइड दिले जाते. त्याने मुलाला तात्पुरते बरे वाटते, परंतु रोगाच्या खुणा झाकल्या जातात, निदान लांबते आणि जोखीम ठरविणे अवघड होते. कारण निश्चित होण्यापूर्वी अशा मुलाला स्टेरॉइड देऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात. उपचार सुरू झाल्यानंतर ताप आल्यास ती तातडीची बाब समजावी. घरगुती उपायांत रात्र घालविल्यास जीव धोक्यात येऊ शकतो.

नवी औषधे, नव्या मर्यादा

‘फिलाडेल्फिया’ नावाचा गुणसूत्रबदल असलेला रोग पूर्वी फार घातक मानला जाई. इमॅटिनिब या गोळीने ते चित्र पालटले. या औषधाच्या एका रूपाला पेटंट नाकारणारा निकाल भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी दिला आणि स्वस्त भारतीय गोळ्यांची वाट मोकळी राहिली.

रोगट पेशी आणि शरीराच्या संरक्षक पेशी यांची गाठ घालून देणारे ‘ब्लिनाट्यूमोमॅब’ हे औषध नेहमीच्या उपचारांना जोडल्यास मध्यम जोखमीच्या मुलांत तीन वर्षांनंतर रोगमुक्त राहण्याचे प्रमाण सुमारे ८८ वरून ९६ टक्क्यांवर जाते, असे डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. रोग उलटलेल्या मुलांसाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या जोडीला ‘कार-टी’ पेशींचा उपचार २०१७ पासून अमेरिकेत मान्य आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त आणि टाटा मेमोरियल केंद्रात विकसित झालेल्या भारतीय ‘कार-टी’ उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ती १५ वर्षे व त्यापुढील रुग्णांसाठी होती. हे उपचार मोलाचे असले तरी महाग आहेत. साध्या औषधांचा पहिला उपचारक्रम नीट पार पडला, तर बहुसंख्य मुलांना त्यांची गरजच पडत नाही.

बरे झाल्यानंतर

उपचार संपल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत रोग उलटण्याची शक्यता अधिक असते. नंतर ती झपाट्याने घटते. पाच वर्षे रोगाविना गेलेली बहुतेक मुले कायमची बरी झालेली असतात. पूर्वी मेंदूला दिल्या जाणाऱ्या किरणोपचारांमुळे काही मुलांची उंची व शिक्षणातील गती मंदावे. म्हणून आता बहुतेक मुलांत ते टाळून पाठीच्या कण्यातून औषध दिले जाते. काही औषधांचा हृदयावर होणारा परिणाम वर्षांनंतरही दिसू शकतो. अशा मुलांच्या दीर्घकालीन तपासणीसाठी टाटा मेमोरियल रुग्णालयात १९९१ पासून स्वतंत्र विभाग चालतो.

बरी झालेली मुले शिकतात, नोकरी-व्यवसाय करतात, विवाह करून आईबापही होतात. तरीही स्थळे पाहताना अनेक घरांत हा आजार लपविला जातो. रोग बरा होतो, ही गोष्ट समाजाच्या गळी पूर्णपणे उतरलेली नाही, याचेच ते लक्षण होय.

टक्केवारी एखाद्या विशिष्ट मुलाचे भविष्य सांगत नाही. समान स्थितीतील अनेक मुलांचे काय झाले, एवढेच ती सांगते. आईवडिलांच्या हाती ज्या गोष्टी आहेत, त्या मात्र मोजक्या आणि स्पष्ट आहेत : निदानात वेळ न दवडणे, बालकर्करोगाचा अनुभव असलेल्या केंद्रात पहिल्यापासून उपचार घेणे, पैशांची अडचण रुग्णालयातील समाजसेवकाला पहिल्याच दिवशी सांगणे आणि मूल कितीही ठणठणीत दिसले तरी शेवटच्या गोळीपर्यंत उपचार न सोडणे.